फिल्टरची गोळी

हेमकांतने आपलं भाषण ज्या माणसावर घासूनपुसून लख्ख केलं होतं, तोच माणूस आता ते त्याला परत ऐकवत होता, आणि एक शब्दही चुकत नव्हता.

"नेफ्रोसेतू, सर. किडनीची चाळणी मोकळी ठेवणारा साथी. डायलिसिसचा धोका चाळीस टक्क्यांनी कमी," मगननाना खाटेच्या कडेला बसून म्हणाले. सुजलेले पाय त्यांनी खाली सोडले होते. "मंग? चुकनू का काही? आते सांग, माले सुरतले हात कापाले कसाले धाडी ऱ्हायना?"

"हात कापत नहीत, नाना. आतली एक शीर दुसरीले जोडतस."

"पन कापतस ना?"

"थोडं कापतस."

"ऱ्हाऊ दे मंग. तुन्ही गोळी शे ना."

आतून हेमकांतच्या आईचा, निर्मलाबाईंचा आवाज आला, "हासू नका. त्या पोऱ्यानं तोंड देखा एकदाव." पण नाना हसतच होते. हेमकांत हा त्यांचा एकुलता एक मुलगा, आणि त्याला त्याच्याच शब्दांत पकडायला त्यांना फार आवडायचं.

सुरतच्या किडनीतज्ज्ञाने महिन्यापूर्वी रिपोर्ट पाहून स्पष्ट सांगितलं होतं. वर्षानुवर्षांच्या साखरेने दोन्ही किडन्या खाल्ल्या होत्या, जेमतेम दहावा हिस्सा काम करत होता. डायलिसिस लागणार, आणि त्यासाठी डाव्या हातात शीर जोडून घ्यायची ती आत्ताच, कारण ती जाड व्हायला दीड-दोन महिने जातात. थांबलात तर ऐनवेळी मानेत नळी घालावी लागेल. तोवर दिवसाला एक लिटर पाणी, त्यापेक्षा घोटभरही जास्त नाही, आणि डाव्या हाताला कोणाला सुई टोचू देऊ नका.

त्या दिवसापासून नाना डावा हात खांद्यावरच्या टॉवेलखाली लपवून ठेवत. डॉक्टरच्या सुईपासून नव्हे, सुरतपासून. शीर जोडायला मिळालेल्या तारखेला हेमकांतने त्यांना कसंबसं गाडीत बसवलं, तर खांडबारा स्टेशनवर चहा प्यायला म्हणून उतरले आणि बाकावर बसून राहिले. गाडी हलली, हेमकांत उडी मारून खाली आला. नाना म्हणाले, "तू जाय पाहिजे त. हात तुन्हाच जोडी ले."

हेमकांत नंदुरबारच्या कॉलेजातून रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाला आणि एका औषध कंपनीत एमआर म्हणून लागला. एमआरचं काम म्हणजे डॉक्टरांच्या दाराशी ताटकळायचं आणि आत गेल्यावर मिळेल त्या दीड मिनिटात आपली गोळी त्यांच्या डोक्यात बसवायची. कंपनी प्रत्येक गोळीसाठी भाषण पाठवायची आणि ते घरी कोणासमोर तरी म्हणून पक्कं करायला सांगायची. बाकीची मुलं आरशासमोर म्हणत. हेमकांतला घरातच डॉक्टर मिळाला होता.

नानांना या खेळाची भारी हौस. संध्याकाळी केळीतून आले की हातपाय धुऊन ओट्यावरच्या खुर्चीत बसायचे आणि चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढायचे. हेमकांत टाय लावून अंगणातून विचारायचा, "मे आय कम इन, सर?" नाना मान वर न करता म्हणायचे, "बसा. दोनच मिनिटं आहेत माझ्याकडे." खेळात ते अहिराणी बोलत नसत. डॉक्टर म्हटल्यावर बोलणं शुद्धच पाहिजे. "यात नवीन काय?" "साइड इफेक्ट?" "दुसरी कंपनी स्वस्त देते हो, तुमची का लिहू?" असे एकेक खिळे ठोकायचे. हेमकांत अडखळला की पायरीवर बसलेले हिलालकाका टाळी वाजवायचे. हिलालकाका म्हणजे नानांचे बांधाला बांध असलेले शेजारी. "गया रे एमआर! डॉक्टरनी हाकली दिना!"

नेफ्रोसेतूचं चित्र पहिल्यांदा दाखवलं त्या संध्याकाळी मात्र डॉक्टरच अडखळले. चित्रात डाव्या बाजूला तपकिरी, चोंदलेली चाळणी होती आणि उजव्या बाजूला तीच चाळणी गुलाबी, स्वच्छ. मधे बाण आणि गोळी. नानांनी चष्मा वर केला आणि शुद्ध भाषा विसरून म्हणाले, "अरे, हाई त आपला डिस्क फिल्टर शे!"

तापीकाठच्या केळीवाल्याला ते वेगळं सांगायला नको. पाणी क्षाराचं. ठिबकचा फिल्टर, त्यातल्या प्लास्टिकच्या गोल डिस्क आणि पुढच्या नळ्या बघता बघता चोंदतात. मग नळ्यांत ॲसिड सोडायचं, काही तास तसंच मुरू द्यायचं, आणि नंतर नळीच्या टोकाची टोपी, म्हणजे एंड कॅप, उघडून पाण्याचा जोर लावायचा, म्हणजे फ्लश करायचं. आधी काळं निघतं, मग गढूळ, मग स्वच्छ. नळी पुन्हा नव्यासारखी.

हेमकांतने हे दुसऱ्याच दिवशी नंदुरबारच्या डॉ. नवनीत चौधरींना ऐकवलं. "सर, पेशंटला इतकंच सांगा, ठिबकचा फिल्टर साफ होतो तशी किडनी साफ होते." डॉक्टर हसले. "हे झकास आहे. माझे निम्मे पेशंट केळीवाले." आणि गोळी निघाली ती अशी, की नाशिकच्या मीटिंगमध्ये साहेबांनी हेमकांतला उभं करून सगळ्यांना हे वाक्य ऐकवायला लावलं. नव्या कार्डांवर किडनीशेजारी ठिबकचा फिल्टर छापून आला. पुढे पुढे लोकांना गोळीचं नावही लागेना. शहाद्यापासून खांडबाऱ्यापर्यंत ती 'फिल्टरची गोळी' झाली.

मग नानांचाच रिपोर्ट बिघडला. डॉ. नवनीतनी त्यांनाही तीच लिहिली. हेमकांत शेजारी उभा होता. त्या वेळी त्याला, खरं सांगायचं तर, बरंच वाटलं होतं.

आता बरं वाटत नव्हतं. चित्राखाली एक बारीक चांदणी होती आणि चांदणीखाली मुंगीएवढी अक्षरं. हेमकांतने ती पहिल्या दिवशीच वाचली होती. विज्ञान शिकलेल्या माणसाची नजर तिकडेच जाते. कंपनीच्या चाचणीत गोळी न घेणाऱ्या शंभरांतल्या पाच जणांचा रिपोर्ट बिघडला होता, गोळी घेणाऱ्या शंभरांतल्या तिघांचा. पाचाचे तीन झाले की चाळीस टक्के. हिशोब अगदी बरोबर. उरलेले पंच्याण्णव गोळीशिवायही तसेच राहिले होते, हे त्या आकड्यात दिसत नव्हतं. शिवाय ते सगळे किडनी नुकतीच कुरकुरायला लागलेले लोक. त्यांतल्या एकालाही डायलिसिस लागलं नव्हतं. रक्तातला एक आकडा तेवढा वर गेला होता. नानांसारख्या, किडनी संपत आलेल्या माणसावर ही गोळी कोणी तपासलीच नव्हती. हेमकांतने तेव्हा मनाशी म्हटलं होतं, खाली लिहिलं तर आहे, डॉक्टर वाचतीलच.

खांडबाऱ्याहून परत आल्यावर तो डॉ. नवनीतकडे गेला. ते काही लुबाडणारे डॉक्टर नव्हते. त्यांच्या दवाखान्यात बसायला जागा नसे, आणि गरीब माणसाला ते फी विचारत नसत. हेमकांत आत शिरला तेव्हा धानोऱ्याच्या धनुबाई त्यांच्यासमोर उभ्या होत्या.

"साहेब, मन्हा मालकले ती फिल्टरनी गोळी लिखी द्या ना. आम्हना गावमा बठा खाई ऱ्हायनात."

"रिपोर्ट आणलाय का?"

"रिपोर्ट नही. पन लघवीले जळजळ करस."

डॉक्टरांनी रिपोर्ट काढायची चिठ्ठी दिली, आणि बाईंचा चेहरा पडलेला पाहून तिच्याखाली नेफ्रोसेतूही लिहिली. धनुबाई खूश होऊन गेल्या.

"सर, नानांची नेफ्रोसेतू बंद करा," हेमकांत उभ्याउभ्याच म्हणाला.

"तू म्हणतोस हे?"

"ती आहे म्हणून ते सुरतला जात नाहीत. सर, तुम्ही चांदणीखालचं वाचलंय का?"

डॉक्टरांनी गळ्यातला स्टेथोस्कोप काढून टेबलावर ठेवला. "आधी नव्हतं वाचलं. तू फिल्टरचं सांगितलंस, मला पटलं. नंतर वाचलं. पण तोवर लोक येऊन मागायला लागले होते. तू मला सांगितलंस, मी त्यांना सांगितलं, आता ते मला सांगतात."

"मग लिहू नका ना."

"तू बाहेर बघ किती जण बसलेत. 'किडनी गेली, आता उपाय मशीनचा' असं तोंडावर सांगितलं की माणूस उठतो आणि भगताकडे जातो. गोळी लिहिली की महिन्याने परत तरी येतो. बीपी बघता येतं, साखर बघता येते. नाही म्हणायचं औषध तुझ्या कंपनीकडे आहे का एखादं? असेल तर आण, ते पण लिहितो."

पण नानांपुरतं त्यांनी ऐकलं. डॉक्टरांनी त्याच्यासमोरच नानांना फोन लावला. गोळी बंद करा, तिचा तुम्हाला उपयोग नाही, हाताची शीर जोडून घ्या, असं नीट समजावून सांगितलं. पलीकडून "हो साहेब, हो साहेब" ऐकू येत होतं. हेमकांत जरा मोकळा झाला.

घरी आला तर नाना पाकिटातून गोळी काढत होते.

"डॉक्टरसाहेबनी बंद करानं सांगं ना?"

"तुन्हा सांगावरथीन सांगं त्यासनी," नाना शांतपणे म्हणाले. "आपला मनथीन बंद करानी व्हती त मांगला महिनामा का लिखी दिनी?"

त्यानंतरच्या दिवसांत एक गोष्ट हेमकांतच्या डोक्यात शिरेना. निर्मलाबाई सकाळी एक लिटरची बाटली भरून ठेवत आणि दिवसभर तीच नानांना पुरवत. नानांनी कधी जास्तीचं पाणी मागितलं नाही, उलट तळाशी घोटभर उरलेलंच असायचं. तरीही सूज पायावरून गुडघ्यावर आली, वजन रोज वाढू लागलं. लघवी कमी झाली होती हे खरं, पण बाटलीभर पाण्यात एवढं वजन वाढणार नाही. हेमकांतने मीठ तपासलं, भाजी तपासली, काट्यावर दोनदा स्वतः उभा राहून काटाही तपासला.

उलगडा केला तो हिलालकाकांनी, आणि तोही हसत हसत. बांधावर भेटले तेव्हा म्हणाले, "तुन्हा बापनं पोट शे का टाकी रे? मोटर चालू व्हयनी का फिल्टरजोडे जाई बसस, नि तांब्यावर तांब्या पेस. मी म्हनं, नाना, तहान लागस का एवढी? त म्हने, तहान नही, फ्लश करी ऱ्हायनू."

हेमकांत केळीच्या ओळींतून पळत सुटला.

मोटारघराशेजारी, फिल्टरच्या खाली नाना उकिडवे बसले होते. हातात तांब्या होता. मुलाला पाहून त्यांनी तो लपवला नाही. उलट चोरी पकडली गेल्याचा नव्हे, तर शोध सांगायचा राहून गेल्याचा आनंद त्यांच्या तोंडावर होता.

"बस," ते म्हणाले. "तुन्ही माय घरमा पेऊ देत नही. पन तूच सांग, ॲसिड सोडं नि पानी नही सोडं त काय व्हई? मळ तठेच जमी ऱ्हाई. पहाटे गोळी खास, दोन घंटा मुरू देस, मंग पानी. तरी बी एंड कॅपमाईन कमीच निंघी ऱ्हायनं. म्हनजे प्रेशर कमी पडी ऱ्हायनं. आजपासून दोन तांब्या जास्ती."

हेमकांतला आता हिशोब लागला. लघवी कमी होत होती म्हणून नाना अधिक पीत होते, आणि पीत होते ते सगळं अंगातच साठत होतं. बापाच्या या तर्कात एकही पायरी चुकलेली नव्हती. चुकीचं होतं ते फक्त चित्र, आणि ते चित्र गावोगाव पोचवलं होतं त्याने.

मोटारघराच्या कोपऱ्यात जुन्या, फुटलेल्या डिस्कचा ढीग पडला होता. त्याने त्यातली एक उचलली.

"नाना, हाई तुटेल शे. येले ॲसिडमा बुडाडं त जुडी का?"

"तुटेल कशी जुडी? फेकी देवानी."

"तुन्ह्या आतल्या अश्या तुटी गयात. साखरनी तोड्यात. तठे मळ नहीच, त निंघी काय? पानी बाहेर जात नही, नाना, छातीमा जाई ऱ्हायनं."

नानांनी ती डिस्क हातात घेऊन उलटसुलट पाहिली. केळीची पानं वाजत होती, फिल्टरवरचा दाबाचा काटा थरथरत होता.

"मंग तवय का सांगं नही तू हाई?"

हेमकांतने बॅगेतलं कार्ड काढलं, चांदणी दाखवली, खालची अक्षरं वाचून दाखवली. पाच आणि तीन समजावले. नानांना ते समजलं. केळीच्या भावाच्या टक्केवारीत त्यांना कधी कोणी फसवलेलं नव्हतं.

"डॉक्टरले दखाडी व्हती का हाई चांदनी?"

"नही."

"म्हनजे तवय खोटं बोलना तू."

"खोटं नही, नाना. अर्धं."

"मंग आते बी अर्धंच बोली ऱ्हायना व्हशी." नानांच्या आवाजात राग नव्हता, तेच वाईट होतं. "देख हेमू. आते तू मन्हा आंडोर शे. बाप मरी जाई म्हनीसन घाबरेल. घाबरेल माणूसनं काय आयकानं? तवय तू टाय लाईसन बोले. एक अक्षर चुके नही. शिकेल माणूस बोली ऱ्हायना अशे वाटे. माले त्या हेमकांतना भरोसा शे."

त्यांनी तांब्या खाली ठेवला मात्र. पण तो मुलाच्या बोलण्यावरून नव्हे. त्यांना दम लागला होता, आणि आणखी पाणी घशाखाली उतरत नव्हतं.

तिथून घसरण सुरू झाली. आडवं झालं की जीव घुसमटे, म्हणून नाना ओट्यावरच्या त्याच खुर्चीत उशा लावून बसून राहू लागले. वाक्य म्हणायला मधे दोन श्वास घ्यावे लागत. डॉ. नवनीत फोनवर म्हणत होते, "आण त्यांना, ताबडतोब आण." नंदुरबारला डायलिसिसची सोय होती. सुरतपर्यंत जायचीही गरज नव्हती. पण गाडी दारात आली की नाना खुर्चीचा हात घट्ट धरत आणि डावा हात टॉवेलखाली आणखी आत ओढत. निर्मलाबाईंनी पाया पडून पाहिलं. हिलालकाकांनी शिव्या घालून पाहिल्या. नाना म्हणत, "गोळीले... टाइम लागस."

हेमकांत घरात गेला. त्याने इस्त्रीचा शर्ट घातला, टाय लावला, बूट चढवले आणि मागच्या दाराने निघून अंगणात आला. निर्मलाबाई त्याच्याकडे पाहतच राहिल्या. पोराचं डोकं फिरलं असंच त्यांना वाटलं.

"मे आय कम इन, सर?"

नानांनी मान वर केली. बऱ्याच दिवसांनी त्यांच्या डोळ्यांत काहीतरी हललं. त्यांनी चाचपून चष्मा शोधला, नाकाच्या शेंड्यावर ठेवला आणि मान खाली घातली.

"बसा. दोनच मिनिटं... आहेत माझ्याकडे."

हेमकांत पायरीवर बसला. हिलालकाका बाजूला सरकले.

"सर, आज गोळी नाही आणली. डायलिसिस आणलंय."

"यात... नवीन काय?"

"नवीन काही नाही, सर. जुनंच मशीन आहे. याने किडनी बरी होत नाही. किडनीचं काम मशीन करतं, आठवड्यातून दोन-तीनदा, चार-चार तास."

"बरी होत नाही. मग का लिहू?"

"आपल्या पेशंटच्या छातीत पाणी भरलंय, सर. मशीन ते काढतं. त्याला आडवं होऊन झोपता येईल."

नानांनी डोळे मिटले. झोपेचा विषय त्यांना लागला असावा. "साइड इफेक्ट?"

"पाय वळतात. बीपी उतरतं. त्या दिवशी अंगात त्राण राहत नाही. पाणी मोजूनच प्यावं लागतं. आणि सुटका नाही, सर. एकदा धरलं की धरलं."

"किती... टक्के?"

"टक्के नाहीत, सर. काही पेशंट बरीच वर्षं काढतात. शेती करतात. काही पहिल्याच वर्षात जातात. आपला पेशंट कुठल्या बाजूचा, मला माहीत नाही."

निर्मलाबाईंनी पदर तोंडाला लावला. हिलालकाका खाली मातीकडे पाहत होते. टाळी वाजवायला हात वर आला नाही.

"चांदणी कुठे आहे?"

"चांदणी नाही, सर. खाली बारीक अक्षरांत लिहितात ते सगळं आज वर घेतलंय."

"असं सांगितलं तर," नाना थांबले, श्वास घेतला, "तुमचं कोण लिहील हो?"

"कोणी नाही, सर."

भाषणाचा शेवट ठरलेला असतो. डॉक्टरांच्या डोळ्यांत पाहून, न लाजता मागायचं. हेमकांतने नाशिकला तो बाकीच्यांना शिकवलाही होता. आता त्याने स्वतः मागितलं. "सर, तुमच्या पुढच्या पेशंटला लिहाल का?"

नानांनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. मग उजव्या हाताच्या बोटाने मांडीवरच्या टॉवेलवर सावकाश काहीतरी लिहिलं आणि खाली सहीचा फराटा ओढला. हेमकांत उठून उभा राहिला. हिलालकाका गाडीच्या किल्लीसाठी खिसा चाचपू लागले.

नानांनी चष्मा काढला.

"डॉक्टरनी लिखी दिनं, भो," ते म्हणाले. "पन पेशंट... मोठा हेकट शे. तो गोळीच खाई."

आणि ते हसले. हसण्याचा खोकला झाला, खोकला थांबेना, आणि टॉवेलवर गुलाबी फेस आला.

मग कोणी कोणाला विचारलं नाही. दोघांनी मिळून नानांना खुर्चीसकट उचलून गाडीपर्यंत नेलं. मागच्या सीटवर ताठ बसवून हेमकांतने त्यांना आपल्या खांद्याचा टेकू दिला, दुसऱ्या बाजूला निर्मलाबाई बसल्या. हिलालकाकांनी गाडी हाणली. ऊन अजून होतं. रस्त्याकडेला केळी भरणारे ट्रॅक्टर उभे होते, आणि हिलालकाका प्रत्येकाला हॉर्न देत, शिव्या देत, पुढे काढत होते.

हेमकांतला भीती होती ती पुढची. दवाखान्यात श्वास जरा सावरला की डॉक्टर कागद पुढे करतील, विचारतील, आणि नाना नाही म्हणतील. शुद्धीवरच्या माणसाला जबरदस्तीने मशीनला लावता येत नाही. खांडबाऱ्याला ते गाडीतून उतरले होते, तिथेही उतरतील.

तापीच्या पुलावर खड्डे चुकवायला गाडी हळू झाली, आणि नानांचं अंग हललं. हेमकांतने चटकन दाराच्या कडीवर हात ठेवला. पण नाना दाराकडे वळले नव्हते. टॉवेलखालून त्यांनी डावा हात बाहेर काढला. इतके दिवस तो हात कोणी उघड्यावर पाहिला नव्हता. त्यांनी तो पालथा होता तो उताणा केला आणि हेमकांतच्या मांडीवर ठेवला. मनगटाची शीर ठळक दिसत होती. सुरतच्या डॉक्टरने बोटाने दाबून पाहिलेली, "चांगली आहे" म्हणालेली तीच.

बोलायला श्वास नव्हता. त्यांनी फक्त भुवई उडवली, डॉक्टर एमआरला उडवतो तशी. घे.

निर्मलाबाईंना रडू फुटलं. त्यांना वाटलं, झालं, माणूस तयार झाला.

हेमकांत त्या हाताकडे पाहत राहिला. महिन्यापूर्वी हा हात मिळता तर आज त्यातली शीर निम्मी तरी जाड झाली असती. आज तो कामाचा नव्हता. गप्प बसता आलं असतं. बापाने एवढं दिलं होतं, ते हातात धरून पूल ओलांडता आला असता. बाकीचं पुढे डॉक्टरांनी सांगितलं असतं.

"नाना," तो म्हणाला, "आते हात नही चालाव. हातले दीड-दोन महिना लागतस. तेवढा टाइम आपलाजोडे नही. मानमा नळी टाकतीन."

नानांनी त्याच्याकडे पाहिलं. पुलाचे कठडे एकामागून एक मागे जात होते. आता हा हात परत टॉवेलखाली जाणार, असं हेमकांतला वाटलं.

हात तिथेच राहिला. नानांनी दुसरा हात वर नेला आणि सदऱ्याची गळ्याची गुंडी धरली. बोटं सुजली होती, गुंडी निघेना. दोनदा सुटली. मग हेमकांतने वाकून ती काढून दिली.